वाकडे दात, तारा आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पंगतीला अजून तासभर अवकाश आहे आणि तोवर सभागृहात शांतता राहावी, एवढ्याच हेतूने चिटणीसांनी आम्हांस उभे केले आहे की काय, अशी शंका आम्हांस आल्यावाचून राहिली नाही. जेवणापूर्वी दातांच्या डॉक्टराचे भाषण ठेवणे ही योजकता निःसंशय वाखाणण्याजोगी आहे. तथापि विषय आमच्या पसंतीवर सोपविण्यात आला, आणि गेली पंचवीस वर्षे आमच्याकडे येणाऱ्या ज्ञातीतील कुटुंबांनी जो प्रश्न आम्हांस सर्वांत अधिक वेळा विचारला, तोच आम्ही आज घेतला आहे. तो प्रश्न असा : ‘डॉक्टर, मुलीचे दात पुढे आहेत, तारा लावाव्यात का, आणि किती दिवसांत काम होईल?’

या प्रश्नात तीन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, तो बहुधा मुलीविषयी विचारला जातो, मुलाविषयी क्वचितच. दुसरी, तो मुलगी बावीस-चोवीस वर्षांची झाल्यावर विचारला जातो. तिसरी, ‘किती दिवसांत’ या शब्दांमागे एखादी ठरलेली किंवा ठरू घातलेली तिथी उभी असते. या तिन्ही गोष्टींविषयी आम्हांस काही बोलावयाचे आहे. परंतु त्याआधी दात हलतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. ते समजले की पुष्कळ प्रश्नांची उत्तरे आपली आपणच मिळतात.

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक अतिशय पातळ अस्तर असते. त्याची जाडी एक मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमीच भरते. दात या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. त्यावर एका बाजूने मंद आणि सततचा दाब दिला, तर ज्या बाजूला तंतू दाबले जातात तेथील हाड शरीर स्वतःच विरघळवू लागते, आणि ज्या बाजूला तंतू ताणले जातात तेथे नवे हाड घालू लागते. म्हणजे दात हाडातून ओढला जात नाही. त्याच्यापुढची वाट मोकळी होत जाते आणि मागची भरून येते. कार्ल सँडस्टेट या शास्त्रज्ञाने १९०४ च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांतून ही गोष्ट दाखवून दिली, आणि आजही आमचा सारा व्यवसाय या एका सत्यावर उभा आहे.

आता यातून निघणारी गोष्ट पाहा. दाब मंद हवा. जोर वाढविला म्हणजे दात लवकर सरकेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटे घडते. अति जोराने तंतूंतील रक्तप्रवाह थांबतो, तेथील पेशी मरतात, आणि ती मृत जागा दूर होईपर्यंत दात आहे तेथेच अडून राहतो. शिवाय मुळाचे टोक झिजण्याची भीती असते. नीट दिलेल्या दाबाने दात महिन्याला साधारणपणे एक मिलिमीटर सरकतो. आमच्या सगळ्या विद्येने, सगळ्या नव्या यंत्रांनी या गतीत फारसा फरक पडलेला नाही. कारण काम करणारी आम्ही नव्हे, रुग्णाच्या हाडातील पेशी होत, आणि त्यांना मुहूर्त कळत नाही.

दात सरळ करण्याची हौस मात्र फार जुनी आहे. पॅरिसचे दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात धातूची पट्टी दातांच्या रांगेला दोऱ्याने बांधून दात ओळीत आणण्याची रीत दिली आहे. पण या विषयास शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी. १८९९ साली त्यांनी जबड्यांच्या जुळणीचे तीन वर्ग पाडले. हे वर्ग समोरच्या दातांवरून नव्हे, तर वरच्या व खालच्या पहिल्या मोठ्या दाढांचे एकमेकींशी नाते पाहून पाडलेले आहेत. दाढा योग्य जुळतात, परंतु पुढचे दात दाटीने वेडेवाकडे झाले आहेत, हा पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली, म्हणजे बहुधा खालचा जबडाच मागे पडलेला, आणि वरचे दात पुढे दिसतात, हा दुसरा. खालची दाढ पुढे गेली आणि खालचे दात वरच्यांच्या बाहेर येऊन बसले, हा तिसरा. सव्वाशे वर्षे झाली, तरी आमच्या विद्यार्थ्यांस पहिल्या दिवशी हेच शिकवावे लागते.

भगिनींना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या दाढेवर हे सारे वर्गीकरण उभे आहे, ती पहिली मोठी दाढ मूल सहा वर्षांचे असताना येते. ती येताना दुधाचा एकही दात पडत नाही; ती दुधाच्या दाढांच्या मागे, गुपचूप येऊन उभी राहते. म्हणून ती दुधाचीच आहे असे समजून घरोघर तिच्याकडे दुर्लक्ष होते. किडली तर ‘पडायचीच आहे’ म्हणून सोडून देतात. ती पडावयाची नसते. ती जन्माची सोबतीण असते. पुढल्या साऱ्या दातांची रांग तिच्या आधाराने लागते, आणि ती दहाव्या वर्षी काढून टाकावी लागलेली मुले आम्ही इतकी पाहिली आहेत की, आजच्या भाषणातून एवढी एकच गोष्ट आपण घरी नेलीत तरी आमचा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.

दुधाच्या दातांविषयीही हाच गैरसमज. दुधाचे दात वीस. ते सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत एकेक करून पडतात. पडलेला दात कौलावर टाकण्याची गंमत आपण सर्वांनी लहानपणी केली आहे. पण प्रत्येक दुधाचा दात खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून बसलेला असतो. रेल्वेत रुमाल टाकून जागा धरतात तशी. दुधाची शेवटची दाढ दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडणे योग्य. ती किडून सातव्या वर्षीच काढावी लागली, तर मागची मोठी दाढ पुढे सरकून ती जागा बळकावते, आणि मागाहून येणाऱ्या दातास जागाच उरत नाही. तो मग आडवातिडवा, मिळेल तेथून बाहेर पडतो. अशा वेळी जागा राखण्यासाठी तारेचा एक साधा कमानीसारखा आधार बसविता येतो. त्यास खर्च थोडा आणि त्रास जवळजवळ नाही. तो न बसविल्यामुळे पुढे दोन वर्षे तारा बाळगाव्या लागलेली मुलेमुली या सभागृहातही बसलेली आहेत. त्यांची नावे सांगण्याचे कारण नाही.

दात वाकडे होण्यास दुसरे मोठे कारण आनुवंशिक. आजोबांची हनुवटी आणि आजीचे दात नातवंडांत उतरतात, त्याला इलाज नाही. तिसरे कारण सवयींचे. तीन-चार वर्षांच्या मुलाने अंगठा चोखला तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु पक्के पटाशीचे दात येण्याच्या सुमारासही, म्हणजे सहाव्या वर्षानंतरही, ती सवय राहिली तर वरचे दात पुढे ढकलले जातात आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये फट राहते. अंगठ्यास कडुलिंबाचा रस लावणे, चारचौघांत मुलास लाजविणे, हे उपाय आम्हांस पसंत नाहीत. त्यांनी सवय बहुधा लपते, जात नाही. नाक सतत चोंदलेले असल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलास आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि मग आमच्याकडे.

म्हणून मूल सात वर्षांचे झाले की एकदा त्याचे दात या विषयाच्या तज्ज्ञाकडून पाहून घ्यावेत, असा जाणकारांचा सल्ला आहे. पाहून घ्यावेत म्हणजे तारा लावाव्यात असे नव्हे. सातव्या वर्षी दाखविलेल्या बहुतेक मुलांस आम्ही काहीही न करता घरी पाठवितो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे वरचे पुढले दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात, मध्ये फट असते, आणि आई काळजीने व्याकूळ झालेली असते. पण पुष्कळदा बाराव्या वर्षाच्या सुमारास सुळे उतरले की ती फट आपोआप मिटते. निसर्ग आपले काम करीत असताना मध्ये हात न घालणे, हेही शास्त्रच आहे. उलटपक्षी वरचा पुढला दात खालच्या दाताच्या आत अडकलेला असेल, सुळा हिरडीत उलट्याच दिशेने चालला असेल, किंवा खालचा जबडा वाढीत मागे पडला असेल, तर त्या वयात कळणे फार मोलाचे. जबड्याची वाढ चालू आहे तोवरच तिला वळण देता येते. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी प्रचारात आणलेली वर-खाली दोन ठोकळ्यांची जी प्लेट आहे, ती वयात येण्याच्या वाढीच्या भरात मुलास लावली तर खालचा जबडा पुढच्या ठेवणीत बसू लागतो. वाढ संपल्यावर हाच दोष राहिला आणि तो फार मोठा असला, तर जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. बाराव्या वर्षाची प्लेट आणि बाविसाव्या वर्षाची शस्त्रक्रिया यांतील अंतर आपणच मोजावे.

आता तारांच्या प्रकारांकडे वळू. चिटणीसांनी छापलेल्या पत्रिकेत तोच शब्द ठळक आहे, आणि प्रश्नही त्याविषयीच अधिक येतील.

काढता-घालता येणाऱ्या प्लेटी प्रथम. तालूला चिकटणारी प्लॅस्टिकची प्लेट आणि तिला बारीक स्प्रिंगा. एखाददुसरा दात ढकलावयाचा असेल तर ती पुरेशी होते. परंतु ती दाताला केवळ कलते करू शकते, मुळासकट सरकवू शकत नाही. आणि दप्तरात ठेवलेली प्लेट तर तेवढेही करीत नाही.

दातांस पक्की बसविलेली धातूची तार हा आजही या उपचाराचा कणा आहे. प्रत्येक दातावर एक लहान चकती चिकटवितात. तिला ब्रॅकेट म्हणतात. चकतीला खाच असते, तीतून तार ओवतात. तार सरळ होऊ पाहते आणि दातांना आपल्याबरोबर ओळीत आणते. हे सांगावयास सोपे. पण येथवर यावयास बराच काळ लागला. पूर्वी तार सोन्याच्या मिश्रधातूची असे आणि प्रत्येक दाताला धातूचे कडे ठोकून बसवावे लागे. पुढे १९३० नंतरच्या काळात न गंजणाऱ्या पोलादाने सोन्याची जागा घेतली. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या पृष्ठावर आम्ल लावून ते खरखरीत केले असता त्याला चिकटद्रव्य घट्ट धरते, हे दाखविले. त्यामुळे पुढे कडी जाऊन चकत्या सरळ दातावर चिकटू लागल्या. १९६० च्या आसपास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू सापडला. तो वाकविला तरी पुन्हा मूळ आकारावर येऊ पाहतो. नौदलाच्या प्रयोगशाळेतला हा धातू १९७० नंतरच्या दशकात मुलांच्या तोंडात आला आणि मंद, सततचा दाब देण्याचे आमचे काम त्याने सोपे केले. त्याच दशकात लॉरेन्स अँड्रूज यांनी प्रत्येक दाताचा कल त्याच्या चकतीतच घडवून ठेवण्याची युक्ती काढली. तोवर तो कल डॉक्टरला तारेला पीळ घालून आणावा लागे. एक सूचना येथेच करून ठेवतो : ज्यांना खोट्या दागिन्यांनी अंगाला पुरळ येते त्यांनी ते आधी सांगावे, कारण या धातूंत निकेल असते.

चिनीमातीच्या जातीच्या, दाताच्या रंगाच्या चकत्या १९८० नंतर आल्या. दूरून त्या दिसत नाहीत, हा त्यांचा गुण. त्या ठिसूळ असतात, काढताना जपावे लागते, आणि समोरचा दात त्यांवर घासला तर दाताची झीज होते, हे त्यांचे अवगुण. आणखी एक अडचण खास आपल्या स्वयंपाकघराची. तार चकतीत धरून ठेवणारे पारदर्शक रबरी कडे आपल्या आमटीतील हळदीने दोन दिवसांत पिवळेजर्द होते. परदेशी जाहिरातीतील मुलगी वरणभात खात नसते, हे ध्यानात ठेवावे.

रबरी कड्यांऐवजी चकतीलाच लहानसे दार असलेला एक प्रकार आहे. त्याने उपचार लवकर होतो असे सांगण्यात येते. काळजीपूर्वक केलेल्या तुलनांत तसे आढळून आलेले नाही. दातांच्या आतल्या बाजूस, जिभेकडे, तारा बसविण्याची पद्धत अमेरिकेत क्रेव्हन कुर्झ आणि जपानात किन्या फुजिता यांनी १९७० नंतर विकसित केली. त्या बाहेरून मुळीच दिसत नाहीत; मात्र जिभेला आरंभी सोसावे लागते, बोलणे काही दिवस बोबडे होते, आणि खर्चही पुष्कळ.

शेवटचा प्रकार पारदर्शक साच्यांचा. तरुण मंडळी हल्ली त्याचेच नाव घेऊन आत येतात. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या एका कंपनीने हा प्रथम मोठ्या प्रमाणावर प्रचारात आणला, आणि आता इतरही अनेक कंपन्या, आपल्या देशातीलसुद्धा, तो करतात. दातांचे संगणकावर चित्र घेऊन क्रमाक्रमाने बदलत जाणारे पातळ साचे बनवितात. एकेका साच्याने दात सुमारे पाव मिलिमीटर सरकतो. एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा. दिवसाचे वीस-बावीस तास तो तोंडात हवा, फक्त जेवताना आणि दात घासताना काढावयाचा. सौम्य दाटी, लहान फटी यांना हा उत्तम. दात फार फिरलेला असेल किंवा दात काढून मोठी जागा मिटवावयाची असेल, तर काम अवघड होते. आमचे मत विचाराल तर, शिस्तीच्या माणसास हा प्रकार सोयीचा आणि चौदा वर्षांच्या मुलास, अपवाद सोडता, गैरसोयीचा. डॉक्टरने तोंड न पाहता, क्ष-किरण चित्र न काढता, टपालाने साचे धाडण्याचा जो व्यापार मध्यंतरी सुरू झाला, त्यापासून मात्र कृपा करून दूर राहावे. हिरडी सुजलेली असताना दात सरकविणे म्हणजे भिजल्या मातीतला खांब हलविणे होय.

‘तारांसाठी चांगले दात काढावयाचे, हे काय?’ हा आक्षेप प्रत्येक घरात निघतो, आणि तो अडाणीपणाचा मुळीच नाही. खुद्द अँगल यांचे मत हेच होते. देवाने बत्तीस दात दिले आहेत तर बत्तीसही राखले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह; १९११ साली या प्रश्नावर अमेरिकेत मोठा वाद झाला. पुढे अँगल यांचे अत्यंत निष्ठावान शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी सारे दात राखून अनेक रुग्णांवर उपचार केले, आणि काही वर्षांनी त्याच रुग्णांना तपासता त्यांस आढळले की, दात पुन्हा वाकडे झाले आहेत, ओठ पुढे आले आहेत. तेव्हा त्यांनी आपल्याच रुग्णांचे उपदाढेसारखे दात काढून उपचार नव्याने केले आणि गुरूच्या मताविरुद्ध सर्वांपुढे ते मांडले. ऑस्ट्रेलियात अँगल यांचेच दुसरे शिष्य रेमंड बेग हेही त्याच निर्णयास आले. त्यांची पद्धती आपल्याकडील दंतमहाविद्यालयांतही पुष्कळ काळ शिकविली गेली. आज आम्ही सरसकट काढतही नाही आणि सरसकट राखतही नाही. जबड्यात जागा किती, दातांची बेरीज किती, ओठांची ठेवण कशी, हे मोजून ठरवितो. मोजमाप न दाखविता कोणी काढा म्हणाला, तर तुम्ही ते मागावे. तो तुमचा अधिकार आहे.

ट्वीड यांची ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगितली, कारण यापुढे जे सांगावयाचे ते आमच्या स्वतःच्या चुकीविषयी आहे. स्मरणिकेत ते छापले जाईल हे जाणूनच आम्ही ते बोलत आहो.

२००८ साली आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी वडिलांसह आमच्याकडे आली. वय तेवीस. वरचे दात बरेच पुढे, खालचे दाटीचे. दोन्ही बाजूंच्या उपदाढा काढून उपचार करणे प्राप्त होते, आणि आम्ही वीस महिने लागतील असे सांगितले. सर्वांनी मान हलविली. काम उत्तम चालले होते. नऊ महिने होतात तोच लग्न ठरले, तिथी दोन महिन्यांवर आली, आणि मुलीचे वडील, मामा व थोरली आत्या असे तिघे आमच्याकडे येऊन बसले. ‘दात ओळीत आले आहेत, आता तारा काढून टाका; मांडवात तोंडात तारा नकोत.’ आम्ही म्हणालो, दात ओळीत आले हे खरे, पण जागा पूर्ण मिटलेली नाही आणि मुळे अजून सरळ व्हावयाची आहेत. मामा म्हणाले, ‘डॉक्टर, तुम्ही घरचेच. तुम्हीच अडविले तर कसे व्हायचे?’

या ‘घरचे’ शब्दाने आमचा घात केला. आम्ही तारा काढल्या. दात आहेत तेथे टिकावेत म्हणून रात्री घालावयाची प्लेट दिली. ती सासरी कशी न्यावी या संकोचाने मुलीने ती कपाटातच ठेवली, हे मागाहून समजले. आतल्या बाजूने एक बारीक तार कायमची चिकटवून देता आली असती, तीही घाईत राहिली. तीन वर्षांनी ती मूल कडेवर घेऊन आली. फटी उघडल्या होत्या, समोरचे दोन दात पुन्हा फिरले होते. ती रागावली नाही. आमचा निरोप घेताना एवढेच म्हणाली, ‘काका, त्या वेळी मला कोणी विचारलेच नाही. तुम्ही तरी विचारायला हवे होते.’

ते खरे होते. त्या दिवशी चौघे मोठे माणसे तिच्या दातांविषयी बोलत होतो आणि ती बाहेरच्या बाकावर बसली होती. तिचा उपचार आम्ही नव्याने केला, मोबदला अर्थातच घेतला नाही. पण तिची आणखी दीड वर्षे गेली ती गेलीच. तेव्हापासून आमचा नियम असा की, मूल दहा वर्षांचे असो वा मुलगी पंचविसाची, ज्याच्या तोंडात तारा जावयाच्या त्याला समोरच्या खुर्चीत बसवून बोलावयाचे, आणि ठरलेला काळ पुरा होण्याआधी तारा काढावयाच्या नाहीत. या नियमापायी आमची दोन घरे दुरावली आहेत. ती या सभेत असतील तर आमचा त्यांना नमस्कार.

काळ एवढा का लागतो, याचे गणित सोपे आहे. उपदाढ काढली की सुमारे सात मिलिमीटरची जागा होते. महिन्याला एक मिलिमीटर धरले तर केवळ ती मिटण्यास सात-आठ महिने. त्याआधी दात ओळीत आणण्यास काही महिने, त्यानंतर मुळे सरळ करण्यास काही महिने. म्हणून दीड ते दोन वर्षे. आणि तारा निघाल्यावरही हिरडीतील तंतू ताणलेल्या रबरासारखे दाताला मागे ओढीत असतात. त्यांना नव्या जागेची सवय होण्यास वर्षभर लागते. त्या काळात राखणीची प्लेट न घालणे म्हणजे घर बांधून दार न लावणे. कित्येकांनी तर ती रात्रीपुरती अनेक वर्षे घालावी, हेच बरे.

तारा असताना काय खावे, हे भगिनी विचारतीलच. ऊस, चिक्की, संक्रांतीचा कडक लाडू, भाजलेले कणीस दाताने तोडणे, सुपारी, ही वर्ज्य. पेरू कापून खावा, आख्खा चावू नये. प्रत्येक जेवणानंतर दात घासावेत. चकतीभोवती अन्न साचून राहिले तर तारा निघाल्यावर तेथे खडूसारखे पांढरे डाग दिसतात आणि ते जात नाहीत. सरळ झालेले पण डागाळलेले दात हातात देणे यासारखे दुःख आमच्या व्यवसायात दुसरे नाही.

आता मुलग्यांविषयी. आमच्या नोंदवहीत ज्ञातीतील दहा मुली असतील तर मुलगे तीन. मुलग्याचे दात पुढे असले तरी ‘त्याला काय करायचे आहे’ असे म्हणतात. परंतु पुढे आलेल्या दातांना मार लागण्याचा संभव अधिक असतो. क्रिकेटचा चेंडू, सायकलवरून पडणे, जिन्याचा कठडा, यांत तुटतात ते हेच दात. दाटीच्या दातांत ब्रश पोहोचत नाही, कीड व हिरडीचे दुखणे लागते, ते मुलगा-मुलगी पाहत नाही. दातांची निगा हा विवाहाच्या फोटोचा विषय नाही, असे आम्ही म्हणालो तर कित्येकांस ते आवडणार नाही. पण विवाहाच्या फोटोसाठी बावीस वर्षे थांबल्यामुळे खर्च आणि त्रास दोन्ही वाढतात, हे तरी मान्य व्हावे. वय झालेल्यांनी निराश होण्याचेही कारण नाही; हिरड्या निरोगी असतील आणि मधुमेह आटोक्यात असेल तर चाळिशी-पन्नाशीतही दात हलतात, थोडे सावकाश इतकेच.

खर्चाचे बोलणे टाळून चालणार नाही. खाजगी दवाखान्यात धातूच्या तारांना कित्येक दहा हजार रुपये लागतात, आणि पारदर्शक साच्यांचा आकडा लाखाच्या पुढेही जातो. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी शासकीय व महापालिकेच्या दंतमहाविद्यालयांत जावे. मुंबईत नायर रुग्णालयाचे आणि शासनाचे, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासनाचे, आणि गोव्यात बांबोळीचे महाविद्यालय आहे. तेथे खर्च पुष्कळच कमी असतो. फेऱ्या अधिक होतात, रांगेत बसावे लागते, पण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी अध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. साध्या दंतवैद्याच्या पदवीवर आणखी तीन वर्षांचे हे शिक्षण असते. आपण कोणाकडेही गेलात तरी ते झाले आहे काय, हे विचारण्यात संकोच करू नये.

कार्यकारी मंडळापुढे आम्ही एक सूचना लेखी ठेवली आहे. शिक्षणनिधीतून पुस्तकांसाठी आपण जशी बिनव्याजी उसनवार देतो, तशी दरवर्षी काही मुलांच्या दातांच्या उपचारासाठी द्यावी, आणि ती बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींस सारखीच द्यावी. ‘हा शोभेचा खर्च आहे, शिक्षणाचा नव्हे’ असा आक्षेप एका ज्येष्ठ सभासदांनी घेतला आहे, आणि निधी लहान असताना त्यांचा विचार चुकीचा म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु वर्गात तोंडावर हात ठेवून उत्तर देणारी आणि पुढे उत्तर देणेच सोडणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या बाबतीत शोभा कोणती आणि शिक्षण कोणते, हे त्या ज्येष्ठांनीच एकदा आमच्या दवाखान्यात बसून ठरवावे, अशी त्यांस विनंती आहे. चहा आमच्याकडे.

निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर येत्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते बारा आम्ही आणि आमच्या सूनबाई याच सभागृहाच्या माडीवर बसणार आहो. सात ते बारा वर्षांची मुले आणावीत, मुलग्यांनाही आणावे. पूर्वी काढलेली क्ष-किरण चित्रे असतील तर बरोबर घ्यावीत. मागल्या खेपेस एका आजींनी नातवाचे पडलेले सगळे दात डबीत घालून आणले होते. ते आणण्याची आवश्यकता नाही, नातू मात्र आणावा.

पानावरचे वाढप सुरू झाल्याचा आवाज येतो आहे.